हजाराच्या वरची कमान

०,०

इथून रेघ निघते. विहाराच्या कमानीचा डावा पाया.

भीमरत्नअण्णांनी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले. मोऱ्या, शाळाखोल्या, दुसऱ्यांच्या गावच्या वेशी. निपाणीतल्या आपल्या वस्तीसाठी काढायची वेळ आली ती निवृत्तीनंतर. तोवर लकव्यानं उजवा हात मांडीवर आणून ठेवला होता. आता उरला होता डावा हात, त्याचं एक बोट, आणि मुलीनं, अक्षरानं, बेंगळुरूहून पाठवलेला लॅपटॉप.

१८०,५४०

कमान पॅराबोलाचीच हवी, हा अण्णांचा हट्ट. रुंदी अठराशे मिलिमीटर, उंची पंधराशे. विहाराच्या कमिटीनं मान डोलावली. पण पत्रा कापणार बेळगावात, खासबागेतल्या मशीनवर, आणि मशीनला फाइल लागते. आज चारपर्यंत फाइल पोचली नाही, तर मशीनवाल्यांकडचा तयार अर्धगोल. उद्या कमान बसवायचीच होती.

सूत्र तोंडपाठ होतं. डाव्या टोकापासूनच्या अंतराला अठराशे वजा तेच अंतर यानं गुणायचं, पाचशे चाळीसनं भागायचं. एक्सेलनं क्षणात रकाना भरला. अण्णांनी हजारांना स्वल्पविराम दिले. खात्यात बिनस्वल्पविरामाचा आकडा साहेब परत पाठवायचे.

३६०,९६०

मग शीटवर दिसेल तस्सा एकेक बिंदू ते ऑटोकॅडमध्ये टाइप करू लागले. कमिटीचा अध्यक्ष कल्लाप्पा शेजारी खुर्ची ओढून बसला होता.

"चढली की ओ अण्णा!"

चढत होती. पुढचा बिंदू बाराशे साठ. हजार ओलांडून आता रेघ

५४०,१,२६०

खाली. थेट जमिनीला.

"ही कमान न्हवं, कडा हाय," कल्लाप्पा म्हणाला. "कुणाला ढकलायचं हितनं?"

अण्णांनी पुसलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा जमीन. ७२०,१,४४०. जमीन. ९००,१,५००. जमीन. १,०८०,१,४४० हा बिंदू तर सॉफ्टवेअरनं घेतलाच नाही.

सॉफ्टवेअरला स्वल्पविराम म्हणजे इथं एक आकडा संपला. पाचशे चाळीस आडवं, एक मिलिमीटर उंच, आणि उरलेले दोनशे साठ पडद्यातून बघणाऱ्याच्या डोळ्यांकडं निघालेले. समोरून ते दिसत नाहीत. अण्णांना हे ठाऊक नव्हतं. कागदानं कधी असं केलं नव्हतं.

साडेतीनला त्यांनी शीटचा फोटो अक्षराला पाठवला. तिचा फोन आला.

"आप्पा, सूत्र बरोबर आहे. आकडेही बरोबर आहेत. टाइप करताना चुकताय तुम्ही."

"एका बोटानं किती चुकणार गं?"

"मीटिंगमध्ये आहे, आप्पा. पाचला बघते."

पाचला.

"हातानं काडून फोटू धाडू या का?" म्हणून कल्लाप्पानं अण्णांच्या मांडीकडं पाहिलं आणि लॅपटॉप त्यांच्याजवळ सरकवला.

अण्णा पुन्हा पहिल्या बिंदूपासून निघाले. शून्य, शून्य. या वेळी सावकाश, एकही खूण न गाळता. जितकं काटेकोर टाइप करावं, तितकीच काटेकोर रेघ कोसळत होती, त्याच जागी.

९००

चारला खासबागेतून मशीनवाल्या सौरवचा फोन आला. कल्लाप्पानं तो अण्णांच्या कानाला लावला.

"अण्णा, पत्रा चढवलाय. फाइल?"

"न्हाय."

"मग अर्धगोल टाकतो. त्रिज्या सांगा."

अण्णांनी पडद्याकडं पाहिलं. अर्ध्यातून पडलेली रेघ तिथं तशीच होती.

"अण्णा, मागं लई जण थांबल्यात."

"नऊशे."

"आलं बघा. पटकन घेतलं मशीननं." सौरव खूश झाला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "आत्ताच बोला काय ते. पत्रा कापला की परत जोडता येत न्हाय."

कल्लाप्पानं फोन आणखी जवळ धरला. अण्णांचं बोट कळांवर होतं, पण दाबायला एकही कळ उरली नव्हती.

"काप," ते म्हणाले.