दोन चमचे साखरेचा चहा

मी रेल्वेच्या उपाहारगृहातला जाड कप बोलतोय. आपटला तरी फुटू नये असा मला घडवलाय, त्यामुळे कुणी कधी मला देखणा म्हटलं नाही.

१९०९ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये सहलीच्या स्वस्त गाड्यांचं पेव फुटलं. सुट्टी आली की जो तो समुद्राकडे निघे. आमच्या स्टेशनात गाडी दहा मिनिटं थांबायची आणि माणसं चहावर तुटून पडायची. 'कप गाडीत नेऊ नयेत' ही पाटी कुणीच वाचत नसे.

त्या जानेवारीत लाकूड कापायच्या गिरणीतल्या कामगारांची सहल आली. माणसं इतकी, की तासाभराच्या अंतराने दोन गाड्या सोडाव्या लागल्या. पहिलीतून सायलस पेंगेली उतरला. सात वर्षांच्या लेकीला, थिर्झाला, डब्यातच बसवून म्हणाला, "आत्ता येतो, पोरी."

इस्पितळात जाताना तिची आईही हेच म्हणाली होती. ती परत आली नाही. हे मला मागाहून कळलं.

शिट्टी झाली. बाकीचे चहा सांडत धावले. सायलस मात्र मला बशीने झाकून जपून चालत राहिला, कारण लेकीला दोन चमचे साखर लागायची आणि त्याला थेंबही सांडायचा नव्हता. थिर्झाला घेऊन गाडी निघून गेली. तो मला तसाच धरून फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला.

स्टेशनमास्तर म्हणाला, "मागची गाडी येतेय, तिच्यात बसा. आणि कप ठेवा इथे."

"कप लेकीचा आहे," सायलस म्हणाला.

मागची गाडी येईपर्यंत तासभर आणि मग वाटभर त्याने मला मांडीवर धरलं. समुद्रकाठच्या स्टेशनात थिर्झा बाकावर बसली होती. शेजारच्या गॉडबरबाई वैतागल्या होत्या. "काय हट्टी आहे हो! सगळे पाण्यात डुंबतायत आणि ही म्हणते, बाबा येतो म्हणालेत."

सायलस धापा टाकत समोर आला. थिर्झाने बशी उचलून आत पाहिलं.

"थंड झालाय."

"हो गं."

"असू दे. पिते मी." तिने तळापर्यंत प्यायला, तोंड पुसलं. "पुढच्या वेळी मी पण उतरणार." मग बापाचा हात धरून त्याला समुद्राकडे ओढत नेलं. माझा जीव भांड्यात पडला.

मला परत करायचं राहूनच गेलं. पोटावर रेल्वेचा शिक्का अजून आहे. रेल्वेवाल्यांनो, एवढा एक कप सोडून द्या. थिर्झा आता आजी झालीय. रोज माझ्यात चहा ओतते आणि खिडकीत ठेवून देते. नवी सून विचारते, "गरम करून देऊ का?"

सूनबाई, नको. तिला तो थंडच आवडतो.