अहो बाई

दुसऱ्यांच्या तोंडात बसणाऱ्या कवळ्या घडवण्यात तिची अर्धी उमर गेली होती. प्लास्टरचे साचे, मेणात रोवलेले दात, कुणाकुणाच्या हिरड्यांचे वेडेवाकडे ठसे, दिवसभर हेच हातात. लोक नाक मुरडून विचारायचे, "शी! किळस नाही येत?" ती म्हणायची, "त्यात कसली आलीय किळस? दातच आहेत ते." आणि आता मात्र तिला तिच्याच घरात, तिच्याच सख्ख्या भावाची किळस येत होती. अगदी घास तोंडात फिरावा इतकी.

झालं होतं ते असं. सरकारी विद्यापीठात मूठभर जागा अशा मुलांसाठी राखून ठेवल्या होत्या, ज्यांना एकट्या आईनं किंवा एकट्या बापानं वाढवलंय. तिच्या लेकीला मार्क चांगले होते, पण नुसत्या चांगल्या मार्कांना हल्ली कुत्रं विचारत नाही. खाजगी कॉलेजचं नाव काढायचीही सोय नव्हती. म्हणजे मिळाली तर त्या मूठभर जागांतली एक, नाहीतर पोरीनं घरी बसायचं. लेकीचा बाप ती रांगायला लागायच्या आतच पसार झाला होता. "चला, मेल्याचा काहीतरी उपयोग झाला," असं ती म्हणायची, आणि मायलेकी पोट धरून हसायच्या.

आणि एक दिवस दादा बॅग घेऊन दारात. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, चष्म्याचं दुकान चालवणारा, घरी बायको आणि एकुलती एक मुलगी.

"अगं, मी जरा काही दिवस इथंच राहतो."

"का रे? वहिनीशी वाजलं?"

"छे! उलट इतकं एकमत आमचं लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हतं." तो पलंगावर ऐसपैस बसला आणि खुशीत सांगायला लागला. त्या राखीव जागांसाठी वहिनीनं मुलीचा अर्ज भरला होता. नवरा घर सोडून गेला, ठावठिकाणा माहीत नाही, असं त्यात लिहून दिलं होतं. विद्यापीठाची माणसं न सांगता घरी येऊन बघून जातात, म्हणून तेवढं होईपर्यंत त्यानं घरात दिसायचं नाही. "कशी आहे युक्ती?" हे वर.

"दादा, माझी पोरगीही त्याच जागांसाठी आहे."

"मग काय झालं? दोघींनाही मिळेल की. इतका कोता विचार करू नये गं."

भाचीला लेकीपेक्षा थोडे जास्त मार्क होते. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. त्या रात्री वहिनीचा फोन आला. "तुमचं एक बरं आहे हो वन्सं, तुमच्याकडचं सगळं खरंच आहे. आम्हाला बघा, किती खटाटोप करावा लागतोय!" तिनं फोन कानापासून लांब धरला. नवरा टाकून गेला हेसुद्धा बाईचं नशीब झालं आता! लोकांना लाज कशी वाटत नाही?

मग हाकलून का दिलं नाही? अहो, असं हाकलता येत असतं तर जगात निम्मी घरं सुखी झाली असती. नवरा गेला तेव्हा हाच दादा रोज संध्याकाळी येऊन बसायचा. लेकीला सायकल यानंच शिकवली. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून उरलेला हा एवढाच माणूस. शिवाय भाचीनं लेकीला फोन करून रडून रडून सांगितलं होतं, "मला नकोय गं हे असं. पण कुणाला सांगू नकोस ना, माझी शपथ आहे." लेकीनं शपथ घेतली. मग आईनंही तोंड मिटलं.

दादा मात्र घरजावयासारखा राहिला. बेसिनभर दाढीचे केस, खुर्चीवर ओला बनियन, सकाळी उठल्यापासून फर्माइशी. बायकोला फोनवर शिकवणी चालू. "फार रडू नकोस. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, पण गालावर नको." आणि एकदा तर त्यानं हद्दच केली.

"अगं, तेव्हा तू काय काय म्हणायचीस? ते दाराचं काहीतरी होतं बघ."

तिला कळायला क्षणभर लागला. नवरा गेल्यानंतर ती कितीतरी महिने दार वाजलं की धावत उठायची. पोर तशीच टाकून. कधीतरी अगदी मोडून पडलेली असताना हे तिनं दादाला, फक्त दादाला सांगितलं होतं.

"हां, तेच!" तो फोनमध्ये म्हणाला. "लिहून घे. दार वाजलं की अजून वाटतं हेच आले. फर्स्ट क्लास आहे हे!"

ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

"माझ्याकडे तपासायला आले म्हणजे?" तिनं नंतर विचारलं.

"तुझ्याकडे कोण मरायला येतंय? तुझं तर जगजाहीर आहे. तपासतात ते आमच्यासारख्या नव्या लोकांना."

त्याचा हा हिशेब साफ चुकला. सुट्टीच्या दिवशी सकाळी दार वाजलं, आणि बाहेर गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र अडकवलेला, फाइल काखेत मारलेला माणूस उभा. साहेब सभ्य होते. पाणी घेतलं, खुर्चीवर बसले, लेकीला दोन प्रश्न विचारले. मग सहज म्हणाले, "घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघीच."

इतक्यात न्हाणीघरातून दणदणीत आवाज आला, "अगं, टॉवेल दे गं! आणि चहा टाक, आलोच मी!"

आता हा 'अगं' म्हणजे काय आहे, आपल्याला ठाऊक आहे. नवरा बायकोला म्हणतो, भाऊ धाकट्या बहिणीला म्हणतो, बाप लेकीला म्हणतो. भिंतीआडून ऐकणाऱ्यानं त्यातला कुठला तो कसा ओळखायचा? पण ज्या घरात दोघीच बायका राहतात, त्या घराच्या न्हाणीतून तो आला की ऐकणारा एकच अर्थ घेणार. साहेबांनी तोच घेतला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"माझा भाऊ आहे, साहेब," ती घाईघाईनं म्हणाली. "पाहुणा आलाय."

"सगळीकडे भाऊच असतात हो," साहेब थकल्या आवाजात म्हणाले. "येऊ द्या बाहेर."

दादा डोकं पुसत बाहेर आला. ओळखपत्र दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. भाऊ म्हणावं, तर नाव सांगा, पत्ता सांगा. ठावठिकाणा नसलेला नवरा तिथल्या तिथं सापडला असता.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. बोल ना रे. एक शब्द बोल.

"मी... ओळखीतला," दादा म्हणाला. मग तिच्याकडे वळून, ओठांवर हसू आणून, "अहो बाई, सांगा ना साहेबांना. तुमच्याकडे पाणी नीट येतं, म्हणून आलो होतो मी आंघोळीला."

अहो बाई. तुमच्याकडे. जन्मल्यापासून ज्यानं तिला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती, तो तिला अहो-जाहो करत होता. तिच्याच पलंगाशेजारी, तिचाच टॉवेल खांद्यावर टाकून. यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

"ओळखीतले लोक अगं म्हणून टॉवेल मागतात का?" साहेब म्हणाले आणि लिहायला लागले. "सॉरी बाई. घरात पुरुष माणूस राहतो, तुम्ही खोटं सांगितलंत. अर्ज बाद होईल."

लेक भिंतीला टेकून उभी होती. तिनं एक 'मामा' म्हटलं असतं तरी सगळा उलगडा झाला असता. शब्द ओठांवर आलेला आईला दिसत होता. पण पोरीनं खालचा ओठ दातांखाली धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ती गप्प राहिली. शपथेसाठी ती आपलं पुढचं सगळं आयुष्य घालवायला तयार होती. आणि तिचा मामा? तो साहेबांच्या पेनाकडे बघत कान कोरडा करत होता.

बस्स. तिच्या डोक्यातली शीर तडकली.

"थांबा साहेब. हा माझा सख्खा भाऊ आहे. एका आईचे आम्ही. चौकात चष्म्याचं दुकान आहे याचं, कुणालाही विचारा. बायको आहे, मुलगी आहे, सगळं धडधाकट आहे. त्या मुलीचाही अर्ज तुमच्याच फाइलीत असेल. बाप बेपत्ता लिहिलंय ना, तोच हा. सापडला."

"वेड लागलंय का तुला?" दादा किंचाळला. "अगं, पोरीचं वाटोळं करतेयस माझ्या!"

"आता अगं का?" साहेबांनी विचारलं.

मग साहेबांनी भाचीचं नाव विचारलं. ते सांगताना तिची जीभ जड झाली, कारण तिनंच ते ठेवलं होतं, आत्या म्हणून, बारशाला. पण सांगितलं. लेक एकदम हुंदका देऊन आत पळाली आणि तिनं दार लावून घेतलं. आता ती दोन दिवस बोलणार नाही, आणि भाचीला काय सांगायचं याचं उत्तर आयुष्यभर मागत राहणार, हे आईला कळत होतं. जागा मिळेल बहुतेक. पण त्या जागेवर बसताना पोरीला बरं वाटेल असं तिला वाटत नव्हतं, आणि त्याबद्दल तिला दादाची पुन्हा नव्यानं किळस आली, आणि थोडी स्वतःचीही.

दादानं शर्ट चढवला. उलटा. बॅग उचलली. दारात थांबून तो म्हणाला, "आजपासून तू माझी कुणी नाहीस. समजलं?" आणि जिना उतरून गेला.

साहेब आपले लिहीतच होते. "घरी आलेल्या व्यक्तीशी नातं," ते पुटपुटले आणि त्यांनी मान वर केली. "बाई, आत्ता ते म्हणाले तुम्ही कुणी नाही. मघाशी म्हणाले ओळखीतले. मला इथं एक काहीतरी लिहावंच लागतं हो. भाऊ लिहू, की नको लिहू?"

तिनं जिन्याकडे बघितलं. पावलांचा आवाज बंद झाला होता.

"लिहा, साहेब," ती म्हणाली. "आजच्यापुरता लिहा."