कढईजवळच्या दोघी

आमच्या भावकीत डोहाळजेवण असलं की मला आणि प्रेरणाला कढईजवळ बसवायचे. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. पण ओटी भरायला लेकुरवाळ्या बायका लागतात, आणि आम्ही सख्ख्या जावा, दोघींच्याही लग्नाला वीस वर्षं होत आलेली, दोघींचीही कूस रिकामी. म्हणून पुऱ्या तळायचं काम आमचं ठरलेलं. बाहेर गाणी सुरू व्हायची. आत पहिली पुरी टम्म फुगली की आम्ही ती मधोमध तोडून खायचो. निम्मी तिची, निम्मी माझी. "आपला निवद आपल्यालाच," असं प्रेरणा म्हणायची आणि आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

खरं सांगते, त्या हसण्यावरच मी एवढी वर्षं काढली. दोघींना मूल नव्हतं तोवर लोक म्हणायचे, मनकर्णाबाईच्या घराला कुणाचा तरी तळतळाट लागलाय. मनकर्णाबाई म्हणजे आमच्या सासूबाई, गावी पाचोडला असतात. दोष त्यांच्या घराचा होता. मग चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रेरणाला दिवस गेले आणि घर एका दिवसात निर्दोष झालं. दोष उरला तो माझ्या एकटीचा, आणि मी सेहेचाळीस वर्षांची.

सिडकोतल्या घरात खाली मी आणि माझे मालक सोमनाथ राहतो, वर धाकटे दीर बद्रीनाथ आणि प्रेरणा. दिवस जायच्या आधी तिचे उपचार चालले होते, तेव्हापासून जालना रोडवरच्या दवाखान्यात तिच्यासोबत मीच जायची, कारण बद्रीनाथला दुकान सोडवत नव्हतं आणि लाजही वाटत होती. तिथल्या बाकावर एका बाईनं मला विचारलं, "लेकीला घेऊन आलात व्हय?" दोन वर्षांचं अंतर आमच्यात! मी म्हणाले, "नाय, जाऊ हाय माझी. माझ्याच वयाची." तशी ती बाई प्रेरणाला खालवर न्याहाळत बसली. पुढं पोट दिसायला लागल्यावर गल्लीतही तेच. "लेकरू दहावीला बसंल तवा ही साठीला टेकंल," असं भाजीवालीच्या गाड्यावर बायका बोलायच्या. मी त्यांना गप्प करायला हवं होतं. पण मी मेथी निवडत ऐकत राहायची, आणि ऐकून मला गोड वाटायचं.

उपचार सुरू होते तेव्हाच एकदा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हिचं स्वतःचं बीज आता चालणार नाही, दुसऱ्या बाईचं घ्यावं लागेल. गर्भ मात्र हिच्याच पोटात वाढेल. मला वाटलं, प्रेरणा रडेल. ती म्हणाली, "रीतसर मिळत असंल तर घ्या. वाढवणार तर मीच ना?"

सात वर्षांपूर्वी हेच मला सांगितलं होतं. सोमनाथ तयार होते. मीच 'विचार करून सांगते' म्हणून उठले ती परत त्या दारात गेले नाही. लोकांना कळलं तर काय म्हणतील, एवढाच विचार मी केला होता. आणि ही माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून 'घ्या' म्हणून मोकळी झाली. तिच्या पोटाचा हेवा मला नंतर वाटला. आधी वाटला तो त्या 'घ्या'चा.

"ही गोष्ट आपल्या तिघांत ठिवा, ताई," रिक्षात बसताना ती म्हणाली. तिघं म्हणजे ती, बद्रीनाथ आणि मी. मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हणाले. त्यानंतर तिला रोज संध्याकाळी इंजेक्शन मीच द्यायची, नर्सनं शिकवलं होतं. कधी कधी सुई जरा जोरात टोचली जायची.

मूल राहिलं आणि घराचे सगळे पाय वरच्या मजल्याकडं वळले. सोमनाथ वाळूजहून कंपनीतून येताना रोज एक शहाळं आणायचे. एकच. वीस वर्षांत मला डोकेदुखीची गोळी आठवणीनं आणली नाही त्या माणसानं.

आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्यात मोटार बिघडली की बादल्यांशिवाय गत नाही. एरवी आम्ही दोघी मिळून दोन्ही मजल्यांचं पाणी भरायचो. आता प्रेरणाला ओझं बंद. पाचव्या महिन्यातल्या अशाच एका पाण्याच्या दिवशी मी बारावी की तेरावी बादली घेऊन जिना चढत होते. पलीकडच्या गल्लीतल्या चंपाबाई, आमच्या चुलत सासूबाई, खाली पायरीवर बसून माझ्याच हातचा चहा पीत होत्या.

"धाकटीनं करून दाखवलं बघ," त्या म्हणाल्या. "थोरलीच्या नशिबी नुसत्या बादल्या. तुला गं काय झालं हुतं?"

मी बादली खाली आपटली. निम्मं पाणी माझ्याच पायावर आलं.

"तिनं तरी काय केलं, आत्याबाई? बीज दुसऱ्याच बाईचं हाय. ही नुसती वागवतीय."

चंपाबाईंची बशी ओठाजवळच थांबली. "काय बोलतीस!"

"कुणाला सांगू नका," मी म्हणाले. चंपाबाईंना असं सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं, हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. लाज नंतर वाटली. आधी बरं वाटलं, हे कशाला लपवू?

सातव्या महिन्यात आमच्याच बैठकीत डोहाळजेवण झालं. पाचोडहून सासूबाई आल्या, भावकीतल्या पंधरा-वीस बायका आल्या. प्रेरणा हिरवं लुगडं नेसून, फुलांची वेणी घालून पाटावर बसली. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पाय सुजले होते, तरी अशी दिसत होती की माझ्यानं बघवेना. मी आत जाऊन कढई चढवली. या वेळी एकटीच. पहिली पुरी सवयीनं ताटलीत बाजूला काढून ठेवली.

गाणी थांबली. ओटी भरायची वेळ झाली. मी गॅस बारीक करून दारात आले.

"चंपाबाई, उठा की," सासूबाई म्हणाल्या.

"माझा गुडघा लई धरलाय गं. वाकता येत नाय."

मघाशी याच चंपाबाई मांडी घालून फुगडीची गाणी म्हणत होत्या. सासूबाईंनी दुसऱ्या बाईकडं बघितलं. तिला आजच अडचण आली होती. तिसरीच्या लेकराला भूक लागली. चौथी मोबाईल कानाला लावून अंगणात गेली. उरलेल्या बायका सतरंजीची दशी ओढत बसल्या. सासूबाईंना स्वतः पुढं होता येईना, त्या विधवा. गहू, खण, नारळ असं सगळं ताटात मांडलेलं, आणि प्रेरणा पदर पसरून बसलेली.

तिनं एकेकीकडं बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं, आणि तिला कळलं. मला कळलं की तिला कळलं.

"ताई, तुम्ही भरा," ती म्हणाली.

"अगं, तिची कूस अजून उघडली नाय," चंपाबाईंचा गुडघा एकदम बरा झाला. "तिच्या हातानं कशी चालंल?"

"माझी तरी माझ्या बीजानं कुठं उघडली?" प्रेरणा मोठ्यानं म्हणाली. "तुमाला सगळ्यांना ठाऊकच हाय ना ते? मग आता कशाला भ्यायचं? या ताई, पीठ पुसा हाताचं."

सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी ताट उचलून माझ्या हातात दिलं.

वीस वर्षं ज्या मानासाठी मी आतल्या आत जळत होते, तो मला असा मिळाला. मी गुडघे टेकून बसले आणि तिच्या पदरात ओंजळीनं गहू घातले. एक, दोन. तिसऱ्या ओंजळीला ती माझ्या कानाजवळ वाकली.

"तुमच्याशिवाय मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ताई."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. माझ्या ओंजळीतले गहू पाटावर सांडले. ते तिनंच वेचून पदरात घेतले. पाचवी ओंजळ झाली, मी नारळ ठेवला. त्या क्षणीही, एवढं सगळं करून चुकल्यावरही, तिच्या पोटावर ताणलेलं ते लुगडं बघून माझ्या पोटात आग पडली.

जेवणं उरकली, बायका गेल्या. पदरातली ओटी सांभाळत प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात आली. पहिली पुरी ताटलीतच होती, गार होऊन चपटी झालेली. मला दुसरं काही सुचेना. मी ती मधोमध तोडली आणि निम्मी तिच्यापुढं केली.

तिनं हात पुढं केला नाही.

"दोन्ही तुम्हीच खावा, ताई," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून हळूहळू जिना चढून गेली.

मी कढईजवळ बसले आणि दोन्ही तुकडे खाल्ले.