अंगणातली ओली पावलं

साधना आयुष्यात एकच खोटं बोलली, पण असं जबर बोलली की एकोणीस वर्षं ते निस्तरता निस्तरता तिच्या नाकी नऊ आले.

अकोल्यात एका दवाखान्यात ती नर्स, जठारपेठेत भाड्याच्या दोन खोल्या. शेतकी शिकायला आलेला इथिओपियाचा तेस्फाये डेंग्यूनं तिच्या वॉर्डात पडला आणि बरा झाल्यावरही येत राहिला. शिक्षण संपलं, व्हिसा संपला, 'तुला न्यायला येतो' म्हणून तो गेला. दोन महिने फोन आले, मग बंद झाले ते झालेच. इकडे साधनाला दिवस गेलेले. नागपुरात नोकरी लागल्याचं निमित्त करून तिनं तिकडेच पोरीला जन्म दिला, आणि वर्षभरानं तिला भातकुलीला आईच्या घरी नेलं तेव्हा सांगितलं, आश्रमातून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, पोटच्या लेकराला असं परकं कशाला करायचं? अहो, आश्रमातलं म्हटलं की लोक पुण्याचं काम म्हणतात आणि गप्प बसतात. पोटचं म्हटलं की बाप विचारतात, बापाची जात विचारतात, देश विचारतात, आणि मग लेकराच्या तोंडाकडे असे बघतात की त्या लेकरानं कुठं लपावं? साधना भ्याली, आणि भ्यालेलं माणूस सोपी वाट धरतं.

ती पोरगी, प्राजक्ता, काळीभोर, दाट कुरळ्या केसांची, उंचीपुरी निघाली. शाळेतली पोरं हबशी म्हणत. कोणी केरळची समजे, कोणी थेट इंग्रजीत बोले, एका लॉजवाल्यानं तर पासपोर्ट मागितला. त्याला तिनं अशी खणखणीत वऱ्हाडी शिवी हासडली की त्याचं तोंड उघडंच राहिलं. तिला खरं ठाऊक होतं. भातकुलीत मात्र बोलायचं नाही, अशी आईनं गळ्याची शपथ घातलेली. पोरीनं ती पाळली, पण भातकुलीहून परतताना ती एसटीत एक शब्द बोलायची नाही.

यंदा महालक्ष्म्यांना दोघी भातकुलीला आल्या. माळ्याचं घर, नैवेद्याच्या सोळाही भाज्या स्वतःच्या वाडीतल्या. त्या घराची रीत अशी की तुळशीपासून घरात गौरींचा एक मुखवटा सून आणते आणि दुसरा घरच्या रक्तामासाची कुमारिका. साधनाचा भाऊ शेखर, त्याची लेक करिश्मा दरवर्षी तो मान घ्यायची. यंदा नेमकी त्याच दिवशी तिला अडचण आली आणि ती बाजूला बसली.

ओसरीत भावकीच्या बाया भाज्या चिरत होत्या. साधनाची आई पार्बताबाई मुखवटे पुसत होती. प्राजक्ता नळावरून घागर घेऊन नुकत्याच सारवलेल्या अंगणातून आली आणि दारात उभी राहिली. पार्बताबाईनं वर न बघताच म्हटलं,

"साधने, पोरगी तुह्या पोटची असती तं मुखवटा म्या तिच्याच हाती देल्ला असता. काय म्हन्तं?"

विळ्या थांबल्या. प्राजक्ता आईकडे पाहत होती. डोक्यावरची घागर उतरवायचीही तिला शुद्ध नव्हती. शब्द साधनाच्या अगदी ओठांवर आला होता, देवाशपथ आला होता. मग तिला त्या बायांचे डोळे दिसले.

"आश्रमातलीच हाय थे," ती म्हणाली.

प्राजक्तानं घागर खाली ठेवली आणि आत निघून गेली.

मुखवटा भावकीतल्या खुशालरावांच्या नातीनं आणला. घंटा वाजली, उंबऱ्यावर पायांवर दूध-पाणी घातलं, कोण आलं, काय घेऊन आलं, सगळी विचारपूस झाली. प्राजक्ता भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होती. एवढ्या गर्दीत साधनाला तेवढ्या टाळ्याच ऐकू येत होत्या. आपल्याला कोणी फाडून खावं असं तिला वाटत होतं.

आरतीनंतर पार्बताबाईनं साधनाचा दंड धरून तिला अंगणात नेलं. शेण वाळलं होतं आणि त्यात घागर आणणारीची पावलं उमटली होती. अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यावर चढलेलं. साधनाच्या पायाचंही तसंच होतं, लहानपणी तिला एक चप्पल कधी नीट बसली नव्हती.

"पहिल्या खेपी आनली तवाच तिचे पाय धुतले होते म्या," म्हातारी म्हणाली. "तवाच समजलं. तू आज सांगशीन, उद्या सांगशीन, म्हनून वाट पाह्यली. आज भावकीसमोर मुद्दाम विचारलं. तू हो म्हनली असती तं पुढचं म्या पाह्यलं असतं."

"मंग तूच काहून नाई बोलली, आई?"

"माय तू हाय तिची. तूच नाई म्हनली, मंग हो म्हननारी मी कोन?"

बोलता बोलता पार्बताबाई रडली. साधनाला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली तशी प्राजक्तानं पिशवी भरली. पार्बताबाईनं तिच्या पायांवरून हात फिरवला, तेव्हा तिनं वाकून आजीला नमस्कार केला, नेहमीसारखाच. अमरावतीहून अकोल्याची एसटी मिळाली. पोरगी खिडकीशी बसली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, एक शब्द नाही.

पलीकडच्या सीटवरची बाई केव्हाची टकमक बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ताई, ही पोरगी कोण तुमची, इकडची वाटत नाही, असं तिनं विचारलं.

साधनाच्या छातीत एकोणीस वर्षं साचलेलं वर आलं. सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "लेक हाय माही. माह्या पोटची हाय."

प्राजक्ता खिडकीतून वळली. रागावलेली नव्हती. परक्या माणसाशी बोलावं तशी ती अदबीनं त्या बाईला म्हणाली,

"नाही मावशी. आश्रमातली हाव मी."

ती बाई गहिवरली. किती पुण्याचं काम केलं ताई तुम्ही, असं म्हणत तिनं साधनाच्या हातावर हात ठेवला.