डाव्या हातावरचा मासा

लोकांचे हात बघायची खोड आमच्या ह्यांना एसटीत लागली. खंडेराव कंडक्टर होते, नाशिक-सटाणा गाडीवर. तिकिटासाठी माणूस हात पुढे करतो तेव्हा तळवा आपोआप उघडा पडतो, आणि हे तिकीट देता देता रेषा वाचायचे. एखाद्याला उतरताना सांगायचे, मामा, तुमच्या हातावर परदेशप्रवास आहे. मामा बिचारे कांद्याचा भाव बघायला नामपूरला निघालेले. रिटायर झाल्यावर तर आमच्या सिडकोतल्या घराच्या ओट्यावर रोज कुणी ना कुणी हात पसरून बसलेलं असायचं. हे कुणाकडून काही घ्यायचे नाहीत, चहा मात्र मी करायचा. मी म्हणायची, माझ्या हातावर चहाच्या पातेल्याची रेषा किती लांब आहे तेवढं एकदा बघून सांगा.

योगिनी आमची एकुलती एक. तिच्या डाव्या तळहातावर, मनगटाच्या जरा वर, मासा होता. दोन रेषा एकमेकींना भेटून पुढे शेपटीसारख्या फाकलेल्या. पुरुषाचा उजवा हात बघतात, बाईचा डावा, म्हणून तो डाव्या हातावर असण्याला फार किंमत. मला तो मासा दिसायलाच बरीच वर्षं लागली, आणि एकदा दिसल्यावर मात्र तिचा हात हातात घेतला की आधी तोच दिसायचा.

"मासा म्हणजे अखंड सौभाग्य," हे सांगायचे. "आपली योगिनी कधी विधवा होणार नाही."

पाचवीतल्या पोरीला हे सांगायची काय गरज होती, देव जाणे. ती शाळेत मैत्रिणींना मासा दाखवत फिरायची, आणि ह्यांनी तर त्या आनंदात ओळखीच्या सगळ्या घरांत पेढे वाटले होते.

धनराजचं स्थळ आलं ते पिंपळगाव बसवंतचं. स्वतःची पिकअप होती, द्राक्षं भरून वाशीला न्यायचा. मुलगा शांत, बोलायला गोड. पण रोज कसारा घाट उतरायचा, तेच मला नको वाटत होतं. त्यात बघायच्या कार्यक्रमात ह्यांनी हळूच त्याचा हात बघून घेतला आणि घरी आल्यावर म्हणाले, आयुष्यरेषा मध्येच तुटलीय.

"मग विषय संपला," मी म्हटलं. "नाही म्हणून कळवून टाका."

"अगं, हिचा मासा आहे ना. त्याच्या तुटक्या रेषेला हिचा हात सांभाळून घेईल."

योगिनीला तो आवडला होता. बाप आणि लेक एका बाजूला झाल्यावर माझं कोण ऐकतंय? लग्न झालं.

पहिल्याच हंगामात घाटात पिकअप उलटली. केबिन चेपली आणि धनराज नुसता खरचटून बाहेर आला. तेव्हापासून योगिनीचा हात पिंपळगावात गाजला. तिची चुलतसासू चिमणाबाई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या सूनबाईच्या हातात मासा हाय, म्हणून पोरगा वाचला." लग्नघरात नवरीला पहिली हळद योगिनीनं लावावी म्हणून बायका तिच्यासाठी खोळंबून राहायच्या. मला ते आवडायचं नाही असं कसं म्हणू? लेकीचं कौतुक कुठल्या आईला नको असतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर धनराजला डेंग्यू झाला. पिंपळगावच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. प्लेटलेट्स रोज उतरत होत्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. योगिनी त्याच्या उशाशी नाहीतर बाहेरच्या बाकावर. मी डबा घेऊन गेले की ती दोन घास खायची आणि डबा झाकून ठेवायची. तिचे डोळे लाल झाले होते.

"तुझंही रक्त तपासून घे," मी म्हटलं.

"जागरण आहे गं नुसतं. ह्यांना आधी बरं वाटू दे, मग माझं बघू."

तिच्या पर्समध्ये तापाच्या गोळ्यांची पट्टी मी बघितली. डोकं दुखत असेल असं वाटलं मला.

त्या दिवशी संध्याकाळी हे आले, आणि बापाला बघून तिचा बांध फुटला. "अण्णा, हे जातील का हो?" मला तिनं हे विचारलं नव्हतं. हे तिच्या शेजारी बाकावर बसले, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि ट्यूबलाइटखाली धरला. तळवा ताणून, अंगठ्यानं दाबून बराच वेळ बघत राहिले. मीसुद्धा वाकून बघत होते. एरवी त्यांच्या या उद्योगाला नावं ठेवणारी मी.

"मासा आहे तसाच आहे," ते म्हणाले. "धनराजला काही होत नाही. माझ्याकडून लिहून घे."

ती हसली आणि तिनं ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला इतकं हलकं वाटलं की तिचं रक्त तपासायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

धनराज खरंच सावरला. प्लेटलेट्स चढायला लागल्या, त्यानं भाताची पेज मागून घेतली. योगिनीनं ती त्याला भरवली, वाटी धुवायला म्हणून उठली आणि मोरीच्या दारात कोसळली. डॉक्टर म्हणाले, हिलाही डेंग्यूच आहे, बऱ्याच दिवसांपासून. ताप उतरला की माणसाला वाटतं आपण बरे झालो, पण खरा धोका तिथूनच असतो. तिचा रक्तदाब लागत नव्हता. तिला वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं.

बाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही दोघं बसलो होतो. हे आपल्याच हातांकडे बघत होते.

"तिचा हात तापला होता गं," ते म्हणाले. "चांगला भाजत होता. माझ्या हाताला लागलं होतं ते. पण मी रेषा बघत होतो."

लेक रडत होती आणि बाप तिला धीर द्यायला गेला होता, एवढंच झालं होतं. तरी मला त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी योगिनी गेली.

पिंपळगावच्या घरी अंगणात तिला ठेवलं. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळभर मळवट, ओटीत नारळ. लग्नातसुद्धा तिला कुणी एवढं नटवलं नव्हतं. बायका आपसांत बोलत होत्या आणि मला सगळं ऐकू येत होतं. लय भाग्याची. अहेव गेली. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत, भरल्या कपाळानं. एक म्हातारी तर ह्यांच्यापुढे हात जोडून म्हणाली, "दादा, तुम्ही हात बघितला तो खरा ठरला."

हे भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. बाई नवऱ्याआधी गेली की तिचं सौभाग्य अखंडच राहतं. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही त्याचे पेढे वाटले होते.

मग सवाष्णी एकेक करून पुढे आल्या. तिच्या पाया पडायच्या, तिच्या मळवटाचं चिमूटभर कुंकू उचलून आपल्या कपाळाला लावायच्या. असं कुंकू लावलं की आपल्यालाही असंच मरण येतं म्हणतात. चिमणाबाईंनी माझा दंड धरला.

"विहीणबाई, तुम्ही पुढं व्हा. तुमचा मान पहिला. असं कुंकू नशिबानं मिळतं."

मी पुढे झाले. तिच्या कपाळाशी वाकले. हात उचलला आणि तो पुढे जाईना. मागच्या बायका थांबल्या होत्या.

"मला विधवा लेक चालली असती," मी म्हटलं.

हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तेव्हा मला दिसलं की धनराज तिच्या पायाशीच बसलाय, हाताला सुईची पट्टी तशीच. आत्ताच मरणातून उठून आलेल्या माणसाच्या तोंडावर मी हे बोलले होते. मला शब्द मागे घ्यायचे नव्हते, पण त्याच्याकडे बघवेना.

त्यानं मान वर केली.

"मलाही चाललं असतं, आई."

मी कुंकू लावलं नाही. तो जरा सरकला, आणि मी त्याच्या शेजारी तिच्या पायाशी जाऊन बसले.