सावडीत हरवलेला पडदा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गाणार नाही. माझ्या पेटीचं एका बाजूचं झाकण सुतळीने बांधलेलं आहे आणि सुरू होताना मी खोकतो. खोकू द्या. खोकणारा प्रत्येक जण काही मरायला टेकलेला नसतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते थेट घोडेगाव. तिथे दादाभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. आंबेगाव तालुक्यातल्या कितीतरी लग्नांचे अल्बम मी तयार केले. नवरी उजळ करायची, नवरदेवाचे केस दाट करायचे, रुसून कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या आत्याला उचलून मधोमध आणायचं, ही सगळी पुण्यकर्मं माझीच. त्यासाठी दादाभाऊंनी माझ्यात मुद्दाम एक वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं. पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम त्या कार्डाचं. "असला कलर पार जुन्नरात बी कुणाकडं न्हाई," असं दादाभाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी फुशारून जायचो. पुढे लोक मोबाइलवरच फोटो काढू लागले. स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आलं, मला टेबलाखाली ढकललं आणि माझ्या डोक्यावर चपला ठेवू लागले. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

तिथून मला गोरक्षने उचललं. गोरक्ष पिंपरी पेंढारचा. घरची शेती आणि जोडीला पिकअप गाडी. त्याची मुलगी प्रांजल कॉलेजात संगणक शिकत होती. घरात तिची आजी म्हाळसाबाई आणि आजोबा राघू, ज्यांना सगळे आबा म्हणत. पूर्वी हे घर मेंढरं घेऊन मुलुखभर हिंडायचं. आता शेती करतात, पण आबांनी एक लहानसा कळप हट्टाने राखला होता. अडचण एवढीच, की आबांचे गुडघे गेले आणि भोवतालच्या उसात बिबटे आले.

त्यावर प्रांजलने तोड काढली. मेंढरांभोवती वाघूर लावतात, म्हणजे जाळी. तिच्या खांबाला तिने कॅमेरा बांधला आणि त्याचं चित्र माझ्या पडद्यावर आणलं. आबा खाटेवर बसून कळप राखू लागले. उसात जरा काही हललं, की खिडकीतून अशी आरोळी ठोकायचे की बिबट्याच काय, शेजारी आलेले पाहुणेसुद्धा चहा टाकून उठायचे. माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस.

मग एकदा वीज पडली आणि कॅमेऱ्याचं चित्र माझ्यापर्यंत आणणारं कार्ड जळालं. प्रांजलने नवं आणलं, पण मी त्याला ओळखेना. पडदा चालू, पण त्यात मेंढरं नाहीत.

गोरक्ष म्हणाला, "आबा, आता बास झालं. येत्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात मेंढरं इकून टाकू. तुमी काठी घिऊन अंधारात जाणार आन एक दिस बिबट्या मेंढराऐवजी तुमालाच न्हेणार."

"मी मेल्यावर इक," आबा म्हणाले.

गोरक्ष वाईट माणूस नव्हता. बापाच्या जिवाला भिऊन बोलत होता. पण सोमवारवर तो अडून बसला.

नवं कार्ड मी का ओळखत नव्हतो, ते सांगतो. माझ्या आत कर्नल नावाचा एक कारभारी असतो. पडदा, कळफलक, कार्ड, सगळ्यांना तोच कामाला लावतो. ज्याची माहिती त्याच्यापाशी नाही, ते अवयव असूनही नसल्यासारखे. माझा कारभारी जुना, कार्ड नवं. प्रांजलने ठरवलं, नवा कर्नल स्वतःच बांधायचा, म्हणजे यंत्राच्या मापाने तयार करायचा. हे काम माझ्यावर रखडेल अशी तिला भीती वाटली. राजुरीच्या तिच्या मैत्रिणीकडे, हर्षालीकडे, नवाकोरा लॅपटॉप होता.

आमच्याकडे कांदे लावताना सावड करतात. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. दोघींनी तसंच ठरवलं. प्रांजल दिवसभर हर्षालीच्या शेतात कांदे लावायला गेली आणि त्या बदल्यात हर्षालीच्या लॅपटॉपने माझ्यासाठी कर्नल बांधला. व्यवहार चोख. म्हाळसाबाईंनी तर कौतुकाने पोरीची दृष्ट काढली.

शनिवारी सकाळी तो कर्नल माझ्यात घातला. मी खोकलो, पंखा फिरला, आणि पडदा काळा झाला. नुसता काळाकुट्ट.

मग माझे हाल सुरू झाले. प्रांजलने केबल काढून पुन्हा लावली. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली. हा उपाय आपल्याकडे प्रत्येक संगणकावर करतात, त्याचा आजार कोणताही असो. शेवटी दुरुस्तीवाले बाळासाहेब आपला मॉनिटर काखेत मारून आले. तोही काळाच. बाळासाहेबांनी मला बोटाने टकटक केलं.

"खेळ खलास राव. ग्राफिक्स कार्ड उडालंय. भंगारात घाला."

माझ्या अंगाची आग झाली. मी आत जागा होतो! डिस्क फिरत होती, कॅमेऱ्याचं नवं कार्डसुद्धा मला चक्क ओळखता येत होतं. उसाच्या कडेची मेंढरं मला दिसत होती, फक्त दाखवता येत नव्हती. आणि हे गृहस्थ माझ्या तेराव्याचं ठरवत होते.

आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुपारी जेवलेसुद्धा नाहीत. प्रांजल माझ्यासमोर बसली होती, डोळे भरलेले. रागाने तिने कळफलकावर मूठ आपटली. तेव्हा कॅप्स लॉकचा हिरवा दिवा लागला. तिने ते बटण पुन्हा दाबलं, दिवा गेला. पुन्हा दाबलं, लागला.

"आबा, हे जितं हाय!" ती ओरडली. "दिवा हेच आतनं पेटवतंय!"

आबा कुशीवर वळले. "मंग बोलत का न्हाई?"

प्रांजलने मला बंद केलं आणि शिफ्टचं बटण दाबून धरून पुन्हा सुरू केलं. असं केलं की मी आधी एक यादी दाखवतो, कोणता कारभारी हवा ते विचारायला. ज्या पडद्याला बाळासाहेबांनी मूठमाती दिली होती, त्याच पडद्यावर ती यादी उमटली. म्हणजे दादाभाऊंचं ग्राफिक्स कार्डही शाबूत होतं. तिने जुना कर्नल निवडला. पडदा लख्ख उजळला! मेंढरं मात्र त्यात नव्हती, कारण जुना कारभारी नव्या कॅमेरा-कार्डाला ओळखतच नव्हता.

आता तिच्या लक्षात आलं. तिने कपाळावर हात मारला आणि हर्षालीला फोन लावला.

"अगं, कर्नल बांधताना आपन तुझ्या लॅपटॉपला सांगितलं ना, जोडलेल्या वस्तूंपुरतंच ठेव, बाकीचं काढ म्हनून? त्यानं सोताच्याच वस्तू बघितल्या. कॅमेऱ्याचं मी हातानं घातलं, पन दादाभाऊंच्या ग्राफिक्स कार्डाचं राहिलंच की!"

तिकडून हर्षाली हसली. "कापड तुझ्या आबांचं आन मापं माझ्या आबांची! आता त्याच्या वस्तूंची यादी पाठव, मी लगीच बांधून देते."

"नगं," प्रांजल म्हणाली. "ह्याचं ह्यालाच बांधू दे."

त्या एका वाक्यासाठी मी त्या पोरीचा जन्मभर ऋणी आहे.

रविवारी पहाटे मी कामाला लागलो. माझ्यात काय काय आहे ते मीच सांगितलं, माझा कारभारी मीच घडवला. पंखा किंचाळत होता, पेटी तापून भाजत होती. म्हाळसाबाईंनी घरातला टेबल फॅन आणून माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि स्वतः पदराने वारा घेत बसल्या. गोरक्ष दर फेरीला दारातून डोकावून म्हणायचा, "व्हतंय का?" मी उत्तर देत नव्हतो. कामात होतो.

सोमवारी सकाळी गोरक्षने पिकअप अंगणात लावली. मागे दावी टाकली. तेवढ्यात प्रांजलने मीच बांधलेला कर्नल घालून मला सुरू केलं. मी खोकलो. पडदा उजळला, आणि त्यात वाघूर, तिच्यात एकमेकींना खेटून उभी मेंढरं, एकन् एक.

आबा खाटेवरून सरकत पुढे आले. पडद्यावर बोट ठेवून ते एकेकीला हाक मारू लागले, "ही बांडी. ही काळतोंडी. ती बघ, बेणी, पुन्यांदा जाळीला टक्कर देतीया." गोरक्ष मागून वाकून पडद्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं.

"मंग मी गाडी आत लावू?"

"का म्हून?" आबा वळलेसुद्धा नाहीत. "बाजाराला जा की. मेंढरांना मीठ संपलंय, घिऊन ये."

तर मित्रांनो, मला जपा, मला जीव लावा, असं मी म्हणणार नाही. टाकायचं असेल तर खुशाल टाका. पण कुणी गप्प दिसलं, म्हणून दुसऱ्याच्या मापाने त्याला मोडीत काढू नका. आधी त्यालाच विचारा आणि उत्तराला थोडा वेळ द्या. आम्ही जुने आहोत. आम्हाला वेळ लागतो, आणि तो आम्ही घेणारच.