तीन नरसाळी तांदूळ

"चौथा शंकूबी मावला!" अंजू ओरडली आणि दहावीचा अख्खा वर्ग बाकांवर चढला.

फळ्यावर लिहिलं होतं, तोंड आणि उंची सारखी असेल तर तीन शंकूंनी एक वृत्तचिती भरते. टेबलावर गणिताच्या किटमधल्या प्लॅस्टिकच्या गोल डब्यात मात्र चार शंकू तांदूळ आरामात बसला होता. संगीताबाईंचा चेहरा उतरला.

"मॅडम, पुस्तक खोटं बोलून राह्यलं!" लखन मागून खिदळला.

बाहेर व्हरांड्यात सरदार खिचडीच्या तांदळाची गळकी कोठी डाग देऊन झाळत बसला होता. शाळा न शिकलेला माणूस. पण चाळीस वर्षं नेरच्या बाजारात पत्र्याची नरसाळी केलेली. त्याला राहवलं नाही. खिडकीतून मान आत घालून म्हणाला, "बाई, पुस्तक खरं हाय. हे नरसाळंच बुटकं हाय."

"मोजलं ना, सरदारचाचा! डबा बारा सेंटिमीटर उंच, शंकूबी बारा." बाईंनी शंकूच्या उतारावर पट्टी धरली.

"उतारावर काहून मोजता? माणसाची उंची काय त्याच्या ढेरीवरून मोजता?"

वर्गात हशा फुटला. बाईंनी कपाळावर हात मारला. कारखान्यानं उतारावरच बारा मोजले होते आणि त्यांनीही!

गलका ऐकून मुख्याध्यापक आले. "अरे सरदार, तू कोठी पाह्य. किट वरच्या ऑफिसातून आलं हाय, समजलं?"

हे किट तीन वर्षं कपाटात कुलूपबंद होतं. पोरांचा हात लागला तर खराब होईल ना! आज वरून फोटो मागितला, म्हणून त्याला उजेड दिसला. आणि वर हीच माणसं म्हणणार, पोरं गणितात कच्ची!

"सर, बरोबर नरसाळं मी करून दाखवतो," सरदार म्हणाला.

"अन् नाही जमलं तं?"

"तं या शाळेत पुन्हा पाय नाही ठेवत."

बोलून बसला. बाजारात प्लॅस्टिक आलं तेव्हापासून ही शाळाच त्याचं शेवटचं धड गिऱ्हाईक होती.

तेलाचा रिकामा पिपा फाडून त्यानं पत्रा सरळ केला. डब्याचं तोंड सोळा, म्हणून काटकोनी गुण्याच्या आडव्या पट्टीवर निम्म्याला, आठला खूण, उभ्या पट्टीवर उंचीच्या बाराला. दोन खुणांमध्ये दोरा ताणला. "हा झाला उतार." तोच दोरा खिळ्याला बांधून पत्र्यावर डब्याच्या घेराएवढी कमान ओढली.

"अरे, हे तं पायथागोरस हाय!" अंजू किंचाळली.

"कोण असंल तो असंल. त्यालेबी पत्रा कापता येत असंल."

कात्री करकरली, डाग बसला, नरसाळं तयार. बाई ओतू लागल्या. "एक!" वर्ग ओरडला. "दोन!" सरदारच्या मानेवर घाम. तिसरं ओतलं, बाईंनी वरून पट्टी फिरवली.

काठोकाठ!

बाकं वाजली, कुणी शिट्टी मारली. मुख्याध्यापक खाकरले. "बरं, बरं. आता फोटो. ते किट पुढं ठेवा. सरदार, तू जरा बाजूले हो."

सरदार भिंतीशी सरकला. अंजू त्याच्या मागोमाग गेली. "चाचा, चौकोनी तोंडाचं नरसाळं असलं, तं चौकोनी डब्यात किती मावतील?"

सरदार थबकला. त्याचे डोळे चमकले. "ते मले नाही मालूम, पोरी. आण तो उरलेला पत्रा!"

फोटो त्याच दिवशी वर गेला. पुढं किट आहे, किटला हात लावून हसणारे मुख्याध्यापक आहेत. मागं एकही तोंड दिसत नाही. सगळा वर्ग पाठमोरा, भिंतीशी सरदारच्या पत्र्यावर ओणवा झालेला.